वर्गणी आणि मालकी : जपानी चित्रमालांच्या निमित्ताने

या व्यासपीठावरून आम्ही आजवर बोललो ते बोनस, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांविषयी. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘ॲनिमे’ हा शब्द पाहून दोघातिघांनी आम्हांला बाजारात गाठले आणि विचारले, “अण्णा, युनियनच्या माणसाने कार्टूनवर काय बोलायचे?” प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकेच, की हा विषय शोधायला आम्ही गेलो नाही. तो आपल्या पायांनी आमच्या कचेरीत चालत आला.

कचेरीत पावत्या लिहिणारा एक तरुण आहे. जपानी चित्रमालांचा त्याला भारी नाद. एका कंपनीची वर्षाची वर्गणी भरून तो त्या मोबाईलवर बघतो. एके सकाळी तो तोंड पाडून बसलेला दिसला. एक लांबलचक मालिका तो रोज रात्री एक भाग याप्रमाणे बघत होता. निम्म्यावर आला असता ती यादीतूनच नाहीशी झाली होती. “पैसे भरले होतेस ना?” आम्ही विचारले. “भरलेत की अण्णा, डिसेंबरपर्यंतचे.” “मग करारपत्र काढ.”

करार वाचणे हा आमचा तीस वर्षांचा धंदा. बोटाने मजकूर वर सरकवीत आम्ही दोघांनी तो वाचून काढला. कंपनी कोणतीही कलाकृती केव्हाही काढून घेऊ शकते आणि वर्गणीदाराचा तीवर काही हक्क राहत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पोराने ते न वाचताच ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवले होते. आयुष्यातली पहिली सही आम्हीही न वाचताच केली होती. तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. मात्र त्या दिवसापासून आम्ही या प्रकरणाचा पाठपुरावा केला. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ॲनिमे म्हणजे काय?

हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे. ज्या घरी टी.व्ही. त्या घरी गल्लीतली सारी पोरे गोळा होत. ती मालिका मुळात जपानी, १९८९ साली तिकडे दाखवली गेलेली. आज आपली नातवंडे ज्या डोरेमॉनपायी जेवण विसरतात, तोही जपानीच. रेखाटलेल्या चित्रांतून तयार होणाऱ्या अशा जपानी चित्रपटांस व मालिकांस जगभर ‘ॲनिमे’ म्हणतात. त्यांत पोरांच्या गोष्टी आहेत, तशाच युद्धाच्या, अणुबॉम्बच्या, म्हातारपणाच्या आणि कारखान्यांच्याही गोष्टी आहेत. केवळ पोरखेळ म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही. ॲनिमे-उद्योगाच्या जपानी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ साली या बाजाराची एकूण उलाढाल सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येन होती, आणि तीत निम्म्याहून अधिक वाटा जपानबाहेरचा होता. त्या बाहेरच्या वाट्यातला एक बारीकसा थेंब आमच्या कचेरीतल्या पोराच्या खिशातून गेलेला.

बघण्याचे मार्ग

ही चित्रे घरी बघण्याचे आज तीन मार्ग आहेत. पहिला स्ट्रीमिंगचा. कंपनीच्या दूरच्या यंत्रावर चित्रपट साठवलेला असतो. तो लहान लहान तुकड्यांनी आपल्या मोबाईलकडे येतो, दिसतो आणि पुसला जातो. प्रत्येक वेळी कंपनीचे यंत्र आपले खाते तपासते आणि कुलूप उघडण्याची किल्ली तेवढ्यापुरती देते. हे नळाच्या पाण्यासारखे आहे. तोटी आपल्या घरात असली, तरी चावी सोडणारा दुसराच असतो.

दुसरा मार्ग डाउनलोडचा, आणि फसगत होते ती येथे. कारण या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू खपतात. वर्गणीदाराला प्रवासात बघता यावे म्हणून कंपनी काही भाग मोबाईलवर उतरवून घेऊ देते. ते उतरवलेले भाग मुदत संपली की बंद पडतात. हे नळाचेच पाणी, फक्त बादलीत भरलेले, आणि बादलीही कंपनीची. दुसरा प्रकार म्हणजे ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबून, पूर्ण किंमत मोजून घेतलेली प्रत. ती बहुधा खात्याला बांधलेली असते. खाते गेले, दुकान गेले, की तीही गेली. तिसरा प्रकार म्हणजे कुलूप नसलेली धारिका, जी आपण आपल्या संगणकावर ठेवू शकतो आणि कोणत्याही यंत्रावर लावू शकतो. मालकीच्या सर्वांत जवळची अशी ही एकच, आणि ॲनिमेच्या बाजारात तीच सर्वांत दुर्मिळ.

तिसरा मार्ग तबकडीचा, म्हणजे डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे. ब्ल्यू-रे २००६ साली बाजारात आली. तिच्या एका थरावर २५ गिगाबाइट मावतात, दोन थरांवर ५०. त्यामुळे चित्र फार दाबून बसवावे लागत नाही. प्रवाहातून येणारे चित्र मात्र पुष्कळच दाबलेले असते. रात्रीच्या प्रसंगात काळ्या रंगाचे पट्टे दिसतात ते त्यामुळेच. ज्याने पावसाची एकेक रेघ हाताने काढली, त्याची ती रेघ तबकडीवर अधिक शाबूत राहते.

एकाच पेटीतल्या दोन वस्तू

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९९४ साली फनिमेशन नावाची कंपनी निघाली. जपानी मालिका इंग्रजीत आणून त्यांच्या तबकड्या विकणे हा तिचा धंदा. तिच्या पुष्कळशा पेट्यांत तबकडीबरोबर एक चिठ्ठी असे. चिठ्ठीवरचा आकडा आपल्या खात्यात घातला, की तीच मालिका संगणकावर आणि मोबाईलवरही बघता येई. गिऱ्हाईक खूष, एका किमतीत दोन वस्तू.

२०१७ साली सोनी कंपनीने फनिमेशन ताब्यात घेतली. तिची प्रतिस्पर्धी क्रंचीरोल. ही २००६ साली सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांनीच चढवलेल्या विनापरवाना चित्रफितींवर चाले. २००९ पासून रीतसर परवाने घेऊन जपानमध्ये भाग दाखवला गेल्यावर थोड्याच वेळात तो बाहेरच्यांना दाखवू लागली. २०२१ साली सोनीने तीही सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. दोन दुकाने एका मालकाची झाल्यावर एक बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, की २ एप्रिल २०२४ रोजी फनिमेशनची सेवा बंद होईल, आणि चिठ्ठीवाल्या प्रती नव्या घरात नेता येणार नाहीत. ज्या प्रती ‘कायमच्या’ म्हणून सांगितल्या होत्या, त्यांचा कायमपणा तेवढाच निघाला.

परंतु या गोष्टीचे मर्म पुढेच आहे. त्या दिवशी लोकांच्या कपाटातली एकही तबकडी बंद पडली नाही. एकाच पेटीतून, एकाच पैशात आलेल्या दोन वस्तूंपैकी चिठ्ठी मेली आणि तबकडी जिवंत राहिली. मालकी म्हणजे काय आणि परवाना म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सापडले नाही.

वस्तू जशी घेतली तशीच राहते का, हाही प्रश्न आहे. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही १९९५ सालची गाजलेली मालिका. जून २०१९ मध्ये ती नेटफ्लिक्सवर जगभर आली, तेव्हा इंग्रजी संवाद नव्याने केलेले होते आणि भागांच्या शेवटी असणारे जुने अमेरिकन गाणे अनेक देशांत गळलेले होते. जुन्या तबकड्या ज्यांच्याजवळ होत्या, त्यांच्याकडे जुने संवाद राहिले आणि गाणेही राहिले. बाकीच्यांना जे वाढले ते खावे लागले.

विकले म्हणजे हक्क संपला

कायदा याविषयी काय म्हणतो? १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकालात निघाला. एका प्रकाशकाने कादंबरीत छापले होते, की ही प्रत एका डॉलरहून कमी किमतीस कोणी विकू नये. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. न्यायालयाने ठरवले, की प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. जुन्या पुस्तकांचा बाजार, फिरती वाचनालये, मित्राला दिलेले पुस्तक या सगळ्यांच्या बुडाशी हे तत्त्व आहे.

तबकडीला ते लागू पडते. संगणकातल्या प्रतीला मात्र लागू करायला न्यायालये तयार नाहीत. २०१८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने विकत घेतलेली गाण्याची धारिका पुढे विकण्यास मनाई केली. धारिका पाठवताना तिची नवी नक्कल होते, हे त्याचे कारण. युरोपच्या न्यायालयानेही २०१९ साली इलेक्ट्रॉनिक पुस्तकांबाबत तसाच निर्णय दिला. तेव्हा धारिका ‘विकत’ घेणारा पैसे मालकासारखे मोजतो, आणि त्याचे हक्क मात्र भाडेकरूचे असतात. भाडेकरूचेही नव्हेत, आपल्याकडे भाडेकरूला निदान नोटीस तरी मिळते.

२००९ साली ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याजवळ हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. परंतु विकलेली वस्तू घरात शिरून परत नेता येते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. आता कायदा थोडा जागा होतो आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेला एक कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे परवानाच देत असाल, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. कायदा लहान आहे. त्याने वस्तू वाचत नाही, केवळ शब्द खरा होतो. परंतु ‘शिकाऊ’ म्हणून नोंदलेल्या कामगाराला ‘कायम’ हा एक शब्द मिळवून देण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे भांडलो आहोत. शब्द खरा होणे ही लहान गोष्ट नव्हे.

तबकडीचे दोष

आम्ही तबकडीची जाहिरात करीत आहोत असा ग्रह होऊ नये. तबकडी महाग असते. जपानात तर दोन-दोन भागांची एकेक तबकडी हजारो येनना विकण्याची रीत होती. ती जागा अडवते, तिच्यावर ओरखडे पडतात, काही तबकड्यांचा आतला थर कालांतराने खराब होतो. शिवाय धंदेवाल्यांनी जगाचे विभाग पाडून ठेवले आहेत. ब्ल्यू-रेसाठी जपान व अमेरिका एका विभागात, भारत दुसऱ्या. तेव्हा तिकडची विभाग-बंधन असलेली तबकडी इथल्या यंत्रात चालत नाही. आणि यंत्रही मिळेनासे होत आहे. नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवले. कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

उलट वर्गणीचे उपकारही मानले पाहिजेत. महिन्याच्या थोड्या पैशांत आमच्या गावचे पोर जपानी पोराच्या बरोबरीने नवा भाग बघते, तोही कित्येकदा हिंदीत. तबकडीच्या काळात त्याच्या वाट्याला यातले काहीच आले नसते. नळ वाईट आणि विहीर चांगली असे आम्ही म्हणत नाही. नळाला विहीर समजू नये, एवढेच म्हणतो.

पैसा कोणाला मिळतो?

आता आमच्या खास विषयाकडे येतो. तबकड्या घेणारे शौकीन सांगतात, की तबकडी घेतली म्हणजे चित्रकाराला मदत होते. आम्ही याचा माग काढला, तेव्हा चित्र निराळे दिसले. बहुतेक मालिकांमागे एक ‘निर्मिती समिती’ असते. प्रकाशक, दूरचित्रवाणी केंद्र, खेळण्यांची कंपनी, तबकड्यांची कंपनी हे तीत भांडवल घालतात आणि हक्कही त्यांचेच राहतात. चित्रे काढणारा स्टुडिओ बहुधा ठरलेल्या रकमेवर काम करून देतो. आमच्याकडच्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा यंत्रमागवाला आणि हा स्टुडिओ एकाच जातीचे. कापड कोणत्या भावाने विकले गेले, याच्याशी मागवाल्याचा संबंध नाही.

त्या स्टुडिओत दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणारी मुले-मुली असतात. त्यांना पुष्कळदा चित्रामागे मजुरी मिळते, साधारण २०० येनच्या आसपास. तेथील चित्रकारांच्याच संघटनेने केलेली, २०१५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की या मधल्या चित्रकारांचे वर्षाचे सरासरी उत्पन्न सुमारे ११ लाख येन होते, म्हणजे महिन्याला १ लाख येनच्याही आत. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक कार्यगटानेही आपल्या अहवालात या धंद्यातील कमी वेतन आणि लांबलेल्या कामाच्या तासांचा उल्लेख केला.

हे दुखणे जुने आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची पहिली मोठी साप्ताहिक मालिका, ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’, सुरू झाली. ती त्यांनी खर्चाहूनही कमी किमतीत दिली आणि तूट दुसरीकडून भरून काढली. आणि लढाही जुनाच आहे. जगप्रसिद्ध दिग्दर्शक हायाओ मियाझाकी हे १९६३ साली तोएई कंपनीच्या चित्रशाळेत कामगार म्हणून लागले आणि पुढच्याच वर्षी तेथील युनियनचे सरचिटणीस झाले. इसाओ ताकाहाता त्याच युनियनचे उपाध्यक्ष. त्या सहकाऱ्यांनी मिळून केलेला, ताकाहातांनी दिग्दर्शित केलेला १९६८ सालचा ‘होरुस’चा चित्रपट आजही नावाजला जातो. हे वाचले तेव्हा, खरे सांगतो, आम्हांला आमच्याच गोतावळ्यातली माणसे भेटल्यासारखे झाले.

तात्पर्य, वर्गणी भरा की तबकडी घ्या, त्या मधल्या चित्रकाराच्या हाती थेट फारसे काही पडत नाही. ते त्याच्या संघटनेनेच मिळवायचे आहे. परंतु चोरून बघणे हा त्यावर उपाय नव्हे. मजुरी कमी म्हणून कापड लुटल्याने विणकराचे पोट भरत नाही. उलट मालकाला मजुरी आणखी कापायला निमित्त मिळते.

हाताहाताने

मग मालकीचा आग्रह कशासाठी? एकट्याच्या कपाटासाठी नव्हे. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो, ते दुसऱ्यांनी विकत घेतलेल्या पुस्तकांवर. कोणी फेरीवाल्याकडून घेतलेला कायद्याचा जुना ग्रंथ, कोणी वाचनालयाला दिलेले इतिहासाचे खंड, कोणा थोरल्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेतील तांबडी पडलेली पुस्तके. त्या प्रत्येक पुस्तकावर आधी कोणा दुसऱ्याचे नाव होते. ती पुस्तके परवान्यावर घेतलेली असती, तर त्या माणसांबरोबरच गेली असती, आणि आम्ही आज येथे उभे राहिलो नसतो. गरिबाची विद्या दुसऱ्या हाताने येते. जी वस्तू दुसऱ्याला देता येत नाही, ती गरिबाच्या वाटेवरचा एक दिवा विझवते.

आणि वस्तू टिकते तीही अशा हातांमुळेच. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. जपानात १९१७ साली जुनिची कौची यांनी बोथट तलवार घेणाऱ्या एका सामुरायाचा चार-एक मिनिटांचा विनोदी चित्रपट काढला. जपानी चित्रमालांच्या अगदी पहिल्या पिढीतला हा चित्रपट नाहीसा झाला असेच सगळे धरून चालले होते. ओसाका शहरात जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याची एक प्रत निघाली आणि २००८ साली ही गोष्ट जगाला कळली. नव्वद वर्षे ती कोणाकोणाच्या घरी पडून राहिली असेल. परंतु ती कोणाच्या तरी हाती होती, म्हणून राहिली. प्रवाहातून येणाऱ्या आणि बघताच पुसल्या जाणाऱ्या चित्रांची प्रत नव्वद वर्षांनी कोणत्या बाजारात निघणार?

श्रोतेहो, आमचे सांगणे थोडक्यात असे. वर्गणी भरा, पण ती वर्गणी आहे हे समजून भरा. ‘मान्य’ म्हणण्यापूर्वी निदान रद्द करण्याचे आणि काढून घेण्याचे कलम वाचा. ‘विकत’ असा शब्द दिसला, की विचारा : दुकान बंद पडले तर ही वस्तू माझ्याकडे राहील काय, आणि ती मला दुसऱ्याला देता येईल काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भाड्याच्या वस्तूला भाड्याइतकाच पैसा द्या. आणि जे एक-दोन चित्रपट आपल्या मुलांच्या मुलांनी बघावेत असे मनापासून वाटते, तेवढे मिळतील त्या प्रकारे हातचे करून ठेवा. वाचनालयांच्या चालकांना विनंती, की पुस्तकांशेजारी एक फळी तबकड्यांसाठी आणि एक चालू यंत्र त्यांच्यासाठी राखावे.

आमच्या कचेरीतल्या त्या पोराने पहिल्या पगारवाढीत वापरलेले एक यंत्र आणि एकच तबकडी घेतली, तीही वापरलेली. पेटीच्या आत पहिल्या मालकाने निळ्या शाईने आपले नाव लिहिले होते. पोराने ते खोडले नाही. खाली आपले लिहिले, आणि त्याच्याखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली.